भाऊंचा अभिप्राय

वारासिवनीच्या राईस मिलवाल्या गजेंद्रभाऊंनी एकदा नावं ठेवली, की तिथली एकही गाडी पुन्हा आपल्याकडं यायची नाही, हे अपूर्वला पक्कं ठाऊक होतं. म्हणून बालाघाटच्या आपल्या गाड्या धुऊन-पॉलिश करायच्या दुकानात त्यानं भाऊंची जुनी मर्सिडीज आतून-बाहेरून अशी उजळली, की आताच शोरूममधून निघाल्यासारखी दिसावी.

भाऊंनी बॉनेटवर बोट फिरवून ते निरखून पाहिलं. दार उघडून सीटचा वास घेतला.

"कशी झाली, भाऊ?"

"ठीक हाय. गाडी हाय, त गाडीसारखीच दिसन ना!"

एवढं बोलून भाऊ गाडीत बसले आणि निघून गेले. अपूर्व आत येऊन डोकं धरून बसला.

थोड्या वेळानं भाऊंचा फोन आला. "काहून रे, माह्ये जोडे तिथंच राह्यले काय? मी इकडं मिलमध्ये अनवाणी उतरलो ना बे!"

अपूर्व बाहेर धावला. भाऊंनी जिथं गाडीचं दार उघडलं होतं, नेमक्या त्याच जागी दोन्ही जोडे, देवळाबाहेर काढून ठेवावेत तसे, शेजारी शेजारी ठेवलेले होते.

"हायेत, भाऊ," तो म्हणाला. "पण राहू द्या इथंच. गिऱ्हाइकाईले दाखवतो."