सस्पेन्शनला दहापैकी दहा

वडील गेल्यावर महिन्याभराने, ते ज्या मासिकात मोटारसायकलींची परीक्षणं लिहीत त्याच्या संपादकांनी तिला बोलावलं आणि त्यांचं शेवटचं परीक्षण पुढे ठेवलं. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हींवर लांब पल्ल्याला नेता येईल अशी नवी गाडी होती. इंजिन दमदार, पुढची काच वारा छान अडवते, वळवताना वजन जाणवतं. सगळं नेहमीसारखं काटेकोर. फक्त सस्पेन्शनपुढे लिहिलं होतं, "दहापैकी दहा. तीनशे किलोमीटरमध्ये एकही खड्डा जाणवला नाही."

"अगं, या गाडीवर हाडांचा खुळखुळा होतो," संपादक अवघडून म्हणाले. "मी स्वतः चालवलीय. तीस वर्षांत तुझ्या बाबांनी कुणाला आठच्या वर गुण दिले नाहीत. आजारपणात अंदाज चुकला असेल. ही ओळ गाळू का? उगाच त्यांचं हसं नको."

तिने ती ओळ दोनदा वाचली आणि ताठ बसली.

"गाळा खुशाल, काका. हा कागद मात्र मला द्या. बाबांना तेव्हा क्लच दाबवत नव्हता. ते मागे बसले होते. गाडी मी चालवत होते."