शिंप्याची पकड
डॉक्टरांच्या टेबलावर तीन वस्तू होत्या: बाबांची फाइल, अपंगत्व भत्ता नाकारल्याचं पत्र आणि पकड मोजायचं यंत्र. स्नायूंच्या आजारानं शिवणकाम सुटलेल्या बाबांनी मागच्या तपासणीत दातओठ खाऊन ते एकदा दाबलं, तेव्हा सुई सव्वीस किलोवर गेली होती. भत्ता पंधराच्या खालीच मिळतो. "हात दाखवून अवलक्षण!" असं आई तेव्हापासून ऐकवतेय. आज अपिलातही पंचवीस आले. "काका, पकड माझ्यासारखीच आहे की," डॉक्टर हसले. "अंग चोरायची सवय नाही, साहेब," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "कात्री एकदाच दाबून शर्ट बेतता येत नाही, डॉक्टर. लगेच अजून तीन वेळा मोजाल?" त्यांनी मान डोलावली. सुई एकोणीसवर आली, मग तेरावर. बाबा बोटं चोळू लागले. "पुरे गं आता," आई पुटपुटली. "शेवटचं, बाबा," मी म्हटलं. सुई सहावर थांबली.