पाचपैकी पाच

समाजमंदिराच्या पायऱ्या अवघ्या तीन. बेबीनंदाआत्या दुसरीवर थांबली ती थांबलीच. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात चपला.

"आत्या, काय झालं गं?" व्हरांड्यातून भावनानं विचारलं.

"कुटं काय? चपला काढून राह्यले."

चपला तर हातातच होत्या. पण भावनाच्या मांडीवर टॅब होता, टॅबवर शेवटचा फॉर्म उघडा होता, आणि तिनं मान पुन्हा खाली घातली.

तिच्या गावात, आष्टीत, चाचणीचा आज एकविसावा दिवस. मागच्या खोलीत तिनं पाच वर्षं खपून उभं केलेलं यंत्र होतं. कमरेएवढं, चाकांवरचं, पडद्यावर दोन गोल डोळे. बोटाला चिमटा लावून नाडी बघायचं, कुठं दुखतं-खुपतं ते विचारायचं आणि दिवा लावायचं. हिरवा लागला की घरी जा, लाल लागला की डॉक्टर गाठा. यंत्र किती हुशार आहे, हे मोजणारे पुष्कळ. भावना मोजत होती ते वेगळंच: माणूस यंत्रावर विश्वास कधी टाकतो, आणि टाकावा का. याच विषयावर तिची पीएचडी झाली, याच विषयावर पुण्याच्या कॉलेजात नोकरी लागली. आज फक्त एक प्रश्न उरला होता. या यंत्रावर तुमचा विश्वास किती? एक ते पाच. रोज तपासून घेणाऱ्या चाळीस गावकऱ्यांपैकी एकोणचाळीस जणांनी पाच दिले होते. मघाशीच तिच्या पीएचडीच्या सरांचा मेसेज आला, 'अभिनंदन! असा आकडा मी कुठंच पाहिला नाही.'

तेव्हाच खरं तर तिला शंका यायला हवी होती. कसली शंका अन् कसलं काय! बाई हरखून गेली होती.

आत्या समोरच्या खुर्चीत टेकली. अंगणवाडीत मदतनीस होती ती. भावनाला पाटीवर अक्षर काढायच्या आधी खिचडी हिनं भरवलेली. ती जवळ आली तसा बामाचा भपकारा आला. डिसेंबरची सकाळ, माणसं स्वेटर घालून बसलेली, आणि हिच्या कपाळावर घाम.

"जय भीम, आत्या. एकच प्रश्न हाय. या मशीनीवर..."

"पाच. पाचच लिव्ह."

"अगं, प्रश्न तरी ऐक!"

"त्यात काय ऐकायचं? सगळ्याइनं पाचच द्यायचे, असं ठरलंय आमचं."

भावनाचं बोट टॅबवर तसंच राहिलं. "ठरलंय? आन् बाम कशाला लावलास?"

आत्यानं पदर गळ्यापाशी ओढून घेतला.

"आत्या, छातीत दुखून राह्यलंय का?"

आत्यानं आधी मागच्या खोलीकडं पाहिलं. मग यंत्राला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "हळू बोल की बाई. पयल्या दिवशी बी दुखतच व्हतं. पण पुण्याहून तुजे सायेब आल्ते, फोटोवाले आल्ते. तुज्या मशीनीची बोहनी म्या केली. बोहनीलाच लाल दिवा लावू का? म्हनलं, न्हाई दुखत."

"आन् रोज रोज? वीस दिवस?"

"आज न्हाई म्हनलं आन् उद्या हाय म्हनलं, तर मशीन खोटी पडती. लोक काय म्हनतील? आमच्या पोरीची मशीन खोटी?"

वीस दिवस. रोज हिरवा. रोज संध्याकाळी तिनं तो हिरवा स्वतःच्या डोळ्यांनी तपासला होता आणि निवांत झोपली होती. "आत्या, डावा हात जड झालाय का?"

"जरासा. त्याचं काय एवढं?"

टॅब खाली पडला. भावनानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ओरडूनच पत्ता सांगितला. "जल्दी या, जल्दी!" आत्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि पदरानं वारा घालत राहिली. गाडी आली. आत्याला स्ट्रेचरवर घेतलं, तिचा मुलगा सुमित वर चढला. ऑक्सिजनचा मास्क आत्यानं हातानं बाजूला सारला.

"लिवलं का पाच?"

"लिवलं गं आत्या, लिवलं."

काही लिहिलेलं नव्हतं. पण एवढं ऐकून आत्यानं डोळे मिटले, आणि मास्क तोंडावर बसवू दिला.

भावनाचा एक पाय गाडीत होता. तेवढ्यात तिनं मागं पाहिलं. शेवटच्या दिवशी फोटो काढायचा म्हणून सगळ्यांना बोलावलेलं. एकोणचाळीस माणसं ठेवणीतले कपडे घालून व्हरांड्यात बसली होती. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस हिरवी. खांबाशी बसलेले साहेबराव तोंडावर गमछा दाबून खोकला आवरत होते. किती दिवस आवरत होते, कोण जाणे. यंत्रात त्यांच्या नावापुढं लिहिलं होतं, खोकला नाही.

तिनं पाय मागं घेतला. "सुमित, तू हो पुढं. मी येतेच."

गाडी गेली. ती व्हरांड्यात परत आली, खुर्ची सरकवून साहेबरावांसमोर जमिनीवरच बसली. हातात टॅब नव्हता.

"आबा, तुम्हाला काय काय होतंय?"

साहेबरावांनी मागच्या खोलीकडं पाहिलं. बाकीचे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग गमछा खाली घेऊन त्यांनी जपून विचारलं,

"पोरी, मशीनीला सांगितलं ते सांगू, का खरं सांगू?"