भाऊबीजेचा रेग्युलेटर

ह्यांची जुनी फटफटी म्हणजे माझी सवत, असं आमचं अख्खं कोन गाव म्हणायचं. शुक्रवारी लूमचा कारखाना बंद, ह्यांना सुट्टी. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हे तिला घेऊन भिवंडीला जायचे ते दिवस मावळल्यावर यायचे. विचारलं की एकच उत्तर, "रेग्युलेटर चिकटतो, बॅटरी चार्ज होत न्हाय. मिस्त्री डबा खोलून साफ करून देतो." चार वर्षं हेच. मला कधी खारबावला माहेरी सोडायला ह्यांना वेळ नव्हता. हे तिला फडक्याने पुसायला लागले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक्क्याण्णवची भाऊबीज जवळ आली तसं माझ्या भावाने, रामदासने विचारलं, "ताई, साडी कुठली आणू?" तो कल्याणला गाड्यांचं वायरिंग करतो.

म्हटलं, "साडी नको. माझ्या सवतीला नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसव. एकदाची बरी कर तिला."

ओवाळून झाल्यावर त्याने अंगणातच काम काढलं. हे ओट्यावरून दोनदा म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं, जुनाच बरा हाय." मी ऐकलं नाही. मनातल्या मनात मी पुढच्या शुक्रवारी ह्यांच्यासोबत माहेरी जायचं ठरवूनही टाकलं होतं.

रामदासने जुना डबा काढला, पुसला आणि उलटसुलट करून बघितला.



"ताई, याचं कंपनीचं सील बी तुटलेलं न्हाय. ह्यो डबा आजवर कुणी खोललाच न्हाय."