चौदा पावलं

फाटकापासून बाकापर्यंत चौदा पावलं होती आणि रोगी तेवढी चालेपर्यंत त्याचा रोग ओळखायचा होता. नाडी बघायची नाही, काही विचारायचं नाही, नुसते डोळे. डॉक्टर सुखटणकरांचा हा खेळ मुंबईच्या कॉलेजात भल्याभल्यांना घाम फोडायचा. आज विद्यार्थ्यांना घेऊन येऊन त्यांनी तो उरणच्या दवाखान्याच्या ओसरीवर मांडला होता. औषधासाठी आलेलं निम्मं गाव कान टवकारून बसलं होतं.

शिवदास इथलाच. कोळीवाड्यातून डॉक्टरकी शिकायला गेलेला पहिला पोरगा. सकाळपासून त्याचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. कावीळ तर त्याने पाचव्या पावलालाच सांगितली. गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही जरा चढलं होतं.

तेवढ्यात फाटकातून केसर आत आली. शिवदासची आई. डोक्यावर डॉक्टरांच्या जेवणासाठी आणलेली कालवांची टोपली आणि चेहऱ्यावर न मावणारं हसू. दीड वर्षाने लेक दिसत होता.

“आता ही,” डॉक्टर म्हणाले. बाई कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. “शिवदास, तू सांग.”

ही माझी आई, असं तो हसून म्हणणारच होता. पण डोळे आधीच कामाला लागले होते. भुवयांची बाहेरची टोकं झडलेली. कानाच्या पाळ्या जाड झालेल्या. आणि वाटेवरच्या फरशीवर तिच्या उजव्या पावलामागे रक्ताचे डाग. कालवं काढणाऱ्या बाईचा पाय शिंपलीने कापायचाच, म्हणून गावात कुणी तिकडे लक्षही दिलं नाही. पण ती लंगडत नव्हती. शिंपलीची कपची तळव्यात रुतलेली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

रगतपिती. महारोग.

तीन वर्षांमागे अंबाजीला हेच झालं, तेव्हा कोळीवाड्याने त्याला मिठागरापलीकडच्या खोपटात नेऊन टाकलं होतं. पुन्हा कुणी त्याचं तोंड पाहिलं नाही. इथे शब्द उच्चारला की आईचं घर सुटलं. न उच्चारावा तर शेजारचा विद्यार्थी पुढे सरसावलाच होता; त्यालाही दिसलं होतं. आणि औषध? पुस्तकात एक तेल दिलं होतं, त्यापुढे ‘गुण क्वचित’ असं छापलेलं. आपले हे तयार डोळे उपटून खाडीत फेकावेत, असं शिवदासला वाटलं.

“सांग लवकर,” डॉक्टर म्हणाले. “चौदा पावलं संपली.”

केसर बाकापाशी थांबली. पोराची परीक्षा चालली आहे आणि भर गावात त्याला उत्तर सुचत नाही, एवढंच तिला कळलं. तिचा जीव कासावीस झाला. टोपली खाली ठेवून ती त्याच्याजवळ गेली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली,

“सांग ना रं बाला. भितोस कशाला? तुला येतंय त्ये.”