एका पिंजऱ्यात आठ

आठही उंदीर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपले होते, आणि एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता.

शरयूने जाळीचं झाकण बाजूला करून एकेकाला हातात घेतलं. कान पाहिले, शेपटी पाहिली, वजन केलं. वजन तर गेल्या आठवड्यापेक्षा वाढलेलंच. तिने कपाळाला हात लावला. उंदराची गुबगुबीत पाठ बघून जगात आणखी कुणाला रडू येत असेल का, देव जाणे. तिला मात्र आलं.

त्याचं असं झालं होतं. विश्रामबागेतल्या त्या फार्मसी कॉलेजात औषधांच्या चाचण्यांसाठी पांढरे उंदीर ठेवत. त्यांची खोली एकच, आणि ती शरयूच्या ताब्यात. एका पिंजऱ्यात चार, वर एकही नाही, हा तिचा शिरस्ता. संस्थेचा नवा सचिव जयराज याला मात्र त्यातली निम्मी खोली मुलांच्या संगणकांसाठी हवी होती. माणूस वाईट नव्हता, उलट गोड बोलायचा. चारांच्या जागी आठ ठेवले तर बिघडतं काय, एवढंच त्याचं म्हणणं. शेवटी कॉलेजच्या प्राण्यांच्या समितीने मधला मार्ग काढला. एका मांडणीवरच्या पिंजऱ्यांत दोन महिने आठ-आठ ठेवून बघा. उंदीर खंगले, चावाचावी झाली, तर खोली आहे तशी राहील. धडधाकट राहिले, तर खोली निम्मी आणि सगळेच पिंजरे दुप्पट.

शरयू निर्धास्त होती. भरल्या घरात भांड्याला भांडं लागायचंच, आणि हे तर सगळे नर. थोड्याच दिवसांत एकमेकांचे कान तोडतील, अशी तिची खात्री होती. फक्त परीक्षा चोख व्हायला हवी. सकाळी खोली उघडण्यापासून रात्री बंद करण्यापर्यंत उंदरांचं सगळं तिथल्या कामवाल्या रंगूबाई बघायच्या. हे कशासाठी चाललंय ते शरयूने त्यांना मुद्दामच सांगितलं नाही. कळलं तर त्या कमी-जास्त जपतील, आणि मग परीक्षेला काय अर्थ? खाणं तेच, पाणी तेच, खालचा भुसा तोच, फक्त या मांडणीवर आठ-आठ घाला, एवढं सांगून ती मोकळी झाली. रंगूबाईंनी पिंजऱ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मान हलवली.

आणि इथून शरयूच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

पंधरवडा गेला, महिना गेला. उंदीर आपले मजेत. आधी तिला वजनकाट्याचा संशय आला. शेजारच्या विभागातला काटा आणला, तोही तेच सांगू लागला. मग जयराजचा संशय आला. हा गुपचूप नवे उंदीर तर आणून टाकत नसेल? पण शेपट्यांवरच्या रंगाच्या रेघा तिच्याच हातच्या होत्या. भुसा बघावा तर आठांच्या पिंजऱ्यात चौघांच्याइतकाच कोरडा. अरे, मग आठ जणांचं मुतणं जातं तरी कुठे? वर्गात दाटीचे परिणाम शिकवताना तिची जीभ अडखळायला लागली. इतकी वर्षं पोरांना सांगितलं ते सगळं खोटं की काय, असं तिला वाटायला लागलं.

एका दुपारी न राहवून तिने रंगूबाईंनाच विचारलं, "मावशी, हे आठ जण भांडत नाहीत हो?"

रंगूबाई पाण्याच्या बाटल्या घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "दिवसभर तर निजूनच असत्यात की."

"तुम्ही यांना जास्तीचं काही घालता का खायला?"

"न्हाई. देवाशप्पथ न्हाई."

आणि ते खरं होतं. लग्न होऊन आटपाडीहून आलेली ही बाई, दीर-जावांसकट एका खोलीत संसार रेटलेला, पण कुणाच्या चिमूटभर मिठाला हात लावेल तर शपथ. शरयू आणखीच चक्रावली.

दोन महिने संपले, समिती बसली. शरयूला खोटं बोलायचा मोह झाला, चांगलाच झाला. चार उंदीर खंगलेत म्हटलं असतं तर तपासायला कोण येणार होतं? पण तिच्याने ते होईना. ती उभी राहिली आणि म्हणाली, "कारण मला कळलेलं नाही. पण दाटीचा त्रास एकाही उंदराला झालेला दिसत नाही."

जयराजने सगळ्यांदेखत तिच्या सचोटीचं कौतुक केलं. साताऱ्याला संस्थेचं दुसरं कॉलेज आहे, तिथंही आता असंच करू म्हणाला. सगळ्यांच्या सह्या झाल्या, चहा आला. शरयूने तो तसाच ठेवला.

ती उंदरांच्या खोलीत आली तेव्हा रंगूबाई केर काढत होत्या. आता लपवायचं ते काय राहिलं होतं? तिने सगळं सांगितलं. परीक्षा कशासाठी होती, उंदीर खंगले असते तर सगळेच कसे वाचले असते, आणि आता सोमवारपासून मधे भिंत घालायला गवंडी येणार आहेत. मांडणी कुठलीही असो, इथं आणि साताऱ्याला, पिंजऱ्यात आठच.

रंगूबाईंनी केरसुणी खाली ठेवली.

"समद्याच पिंजऱ्यांत?"

"सगळ्याच."

"मग कसं व्हायचं वो म्याडम? रागावशीला म्हनून मी बोलले न्हाई. रातीला जागी झाली की लय चावत्यात एकमेकांस्नी, म्हनून तुमी घरला गेलासा की मी निम्मी काढून धुतलेल्या पिंजऱ्यांत घालत व्हते, आन सकाळी तुमी यायच्या आत परत. एका मांडणीचं भागलं. आता समद्यांसाठी रिकामं पिंजरं मी आनू कुठनं?"