एलेपायोचा कौल

कोआचं झाड सकाळीच आडवं झालं होतं, आणि तेव्हापासून म्हातारा काइमी त्याच्या बुंध्यापाशी मांडी घालून बसला होता. मांडीवर तासणी. नजर खोडावर.

खोड सरळ होतं. गावाच्या होडीला पुरेल एवढं लांब, आणि दोघांनी कवेत घेतलं तरी हात भिडणार नाहीत एवढं जाड. डोंगराच्या या अंगाला असं दुसरं झाड उरलं नव्हतं.

चार-पाच माणसं दोर घेऊन ताटकळत उभी होती. खालच्या वाटेवर लोपाकाचा ट्रॅक्टर घुरघुरत होता. लोपाका हा काइमीचा पुतण्या. खोड किनाऱ्यापर्यंत ओढून न्यायचं काम त्याच्याकडे होतं. काइमीची नात नोहेआ जरा मागे, नेच्यांमध्ये बसली होती.

झाड पडलं की एलेपायो येतो. तांबूस छातीचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. शेपटी कायम उभी. तो खोडावर उतरतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो. नुसता चालत गेला तर लाकूड निरोगी. मध्येच थांबून चोच मारली तर आत कीड आहे. झाड सोडून द्यायचं. काइमीच्या घरात हा कौल घेतल्याशिवाय कुणी होडी कोरली नव्हती.

"काका, ढग उतरायला लागलेत," लोपाका म्हणाला. "पाऊस आला की ट्रॅक्टर रुतणार. मग ओढा तुम्ही दातांनी."

"दात कुठे उरलेत?"

माणसं हसली.

"मग ऐका ना माझं. पक्षी आला नाही. चोच मारली नाही. म्हणजे लाकूड चांगलं. अजून काय हवं?"

काइमीनं त्याच्याकडे पाहिलं. "लग्नाआधी बायकोला विचारलं होतंस का रे?"

"विचारलं की."

"ती घरी नसताना विचारलंस? आणि आतून 'नाही' ऐकू आलं नाही, म्हणून होकार धरलास?"

आता दोरवाल्यांनी दोर खाली टाकून हसून घेतलं. लोपाकाही हसला. मग काइमीजवळ उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, हात बघा तुमचे. अजून एक होडी होईल त्यांच्यानं, फार तर. आम्ही प्लास्टिकच्या होड्या वल्हवणारी माणसं. तुमच्यामागे कोण कोरणार? हे झाड गेलं तर गेलंच."

काइमीनं हात पाहिले. तासणीच्या दांड्यावर ते थरथरत होते.

"तो ट्रॅक्टर बंद कर," तो म्हणाला.

रान शांत झालं. काइमीनं ओठ ओले केले आणि शीळ घातली. पक्षी स्वतःचंच नाव गातो, तशीच, चार सुरांची. एलेपायो भारी चौकस. पूर्वी अशी एक शीळ घातली की चहूबाजूंनी उत्तरं यायची, आणि एखादा तर पार डोक्याजवळच्या फांदीवर येऊन मान तिरपी करून बघायचा.

त्यानं पुन्हा शीळ घातली. नेच्यांवरून धुक्याचं पाणी ठिबकत होतं, त्याचा तेवढा आवाज.

नोहेआ मान खाली घालून बसली होती. पक्षी जाळ्यात धरायचे, पायात कडी घालायची, रक्ताचा एक थेंब काचेवर घ्यायचा आणि सोडून द्यायचे, हे तिचं काम. या उन्हाळ्यात तिनं ह्याच रानात जाळी लावली होती. एलेपायोसाठी ठेवलेल्या काचा तशाच कोऱ्या परत गेल्या होत्या. पायथ्याचे डास आता इथवर चढले होते, आणि त्यांच्याबरोबर पक्ष्यांचा जीव घेणारा ताप. घरी सांगायचं तिनं ठरवलंही होतं. पण त्याच दिवशी आजोबा अंगणात बसून तासणीला धार लावत होते, आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणत होते. ती काही न बोलता आत गेली होती.

पहिले थेंब पडले.

"काका?" लोपाकानं विचारलं.

"न्यायचं नाही."

"मग काय, इथं कुजवायचं? अख्खं झाड?"

"कुजू दे." काइमीनं खोडावर तळवा ठेवला. "कुजलं की कीड लागेल. कीड लागली की तो खायला येईल." तो मागे वळला. "नोहेआ, तू तर रोज त्यांच्यातच असतेस. येईल ना गं?"

नोहेआच्या मनगटावर एक डास बसला होता. पोट तट्ट फुगून लाल झालेला. तिनं त्याच्यावर दुसरा हात ठेवून दाबला.

"येईल, आजोबा."

काइमीनं मान हलवली. लोपाकाच्या खांद्याचा आधार घेऊन तो उठला. माणसं दोर गोळा करू लागली.

लाकडातली किडकी जागा हुडकून काढण्यात काइमीचा जन्म गेला होता. बुंध्याच्या टोकाशी त्यानं साल चाचपली, दोन्ही हातांनी तासणी उचलली आणि घाव घातला. कोवळं, ओलसर लाकूड उघडं पडलं. किडीला आत शिरायला एवढी वाट पुरेल का, ते त्यानं अंगठा घालून पाहिलं. मग एक पाऊल पुढे सरकून दुसरा घाव घातला.

पाऊस वाढला. तो तसाच या टोकाकडून त्या टोकाकडे जात राहिला, मध्ये मध्ये थांबत.